सासुरवाडीत ग्लास बदलला तेव्हा

त्या काळी मी भाड्याच्या लायब्ररीतल्या हेरकथांवर जगत होतो. त्यातला हेर दुसऱ्याने भरलेला ग्लास कधी प्यायचा नाही. समोरच्याची नजर चुकवून ग्लास बदलायचा आणि शत्रू तडफडून मरायचा.

पारशिवनीला सासुरवाडीत पहिल्यांदा मुक्कामाला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी जावयासाठी मुद्दाम राखलेली पहिल्या धारेची मोहाची काढली. स्वतःच्या ग्लासात मात्र रोजच्या बाटलीतली. कन्हानकडे असली दारू पिऊन माणसं आंधळी झाल्याचं मी सकाळीच एसटीत ऐकलं होतं. सासरे शेंगदाणे आणायला आत वळले आणि मी ग्लास बदलले.

त्यांनी आल्या आल्या ग्लास रिकामा केला. तेव्हा कुठे माझ्या मूर्ख डोक्यात प्रकाश पडला. हेरासमोर शत्रू बसलेला असतो. माझ्यासमोर बायकोचा बाप बसला होता!

"कंदील आण वं," त्यांनी आत लेकीला हाक मारली, "काही दिसून नाही राहिलं."

बाहेर अजून चांगला उजेड होता. मला तर त्यांच्या मिशीतला केसन्‌केस दिसत होता.

कंदील आला. त्यांनी तो माझ्या तोंडासमोर धरला.

"जावईबापू, तुम्ही गिलास बदलले, ते मात्र दिसलं मले."