जनरलची खोडलेली ओळ

सॉर्टरकाकांचा कुठल्याच पत्रावर विश्वास नव्हता. साधी लग्नपत्रिका हातात आली तरी ती उलटसुलट करून ते पुटपुटायचे, “ह्यात काय दडवलंय?” उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेच्या डाकडब्यात सॉर्टर म्हणून उभ्या उभ्या गावागावांची पत्रं वेगळी करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर ते रोज कुर्डुवाडीहून गाडीनं सोलापूरला, आमच्या छोट्याशा ऑफिसात येत.

आमचं काम ऐकून लोक हसायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकी लष्करातल्या जनरलांची पत्रं, अहवाल, टिपणं तिकडच्या एका ग्रंथालयानं जपून ठेवली होती. त्यांचे फोटो आमच्या पडद्यावर येत आणि ते फिकट, वळणदार अक्षर लावून आम्ही टाइप करत असू. काकांचं इंग्रजी बेताचंच, पण अक्षर कसलंही असो, त्यांना ते लागायचंच.

जनरल लोकांवर तर त्यांचा खास डोळा. “बग, वरच्या सायबाला लिवतोय समदं झकास हाय, आन् बायकोला लिवतोय पोटात अन्न न्हाय. खरं कुटं बोलला?” म्हणून ते कुठल्याही पानातलं खोडलेलं आधी वाचत. माणूस खरं लिहितो, मग घाबरतो आणि खोडतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या संगतीत मीही संशयी झाले आणि माझा पहिला संशय त्यांच्यावरच गेला. लढाईतून माघार घेतल्यावर एका जनरलनं बायकोला लिहिलेलं पत्र मी तपासत होते. त्यात शाईनं गच्च गिरवलेली एक ओळ होती. मला तिथं नुसता काळा पट्टा दिसत होता. काकांनी मात्र तिथं टाइप केलं होतं, ‘हुकूम आला नव्हता. मला भीती वाटली.’

“काका, जनरल असं लिहील का?”

“लिवलं म्हणून तर खोडलं की!”

मला पटलं नाही. काका पदरच्या ओळी घालतात, असं मी ऑफिसच्या साहेबांना गुपचूप मेल करून कळवलं. साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. “दिसलं ते लिवलं,” एवढंच ते म्हणाले आणि डबा उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची रिकामी.

दोन महिन्यांनी त्याच पानाचा, वेगळ्या उजेडात काढलेला नवा फोटो आला. शाईखालची ओळ स्वच्छ दिसत होती. काकांचा एक शब्दही चुकला नव्हता. “जा, घेऊन या त्यांना,” साहेब मला म्हणाले.

कुर्डुवाडीच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी तो कागद काकांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला सारला.

“माजी कागाळी कुणी केली ते मी हुडकलंय,” ते म्हणाले. “कोपऱ्यात बसतोय त्यो चष्मेवाला. पयल्यापासनं त्याची नजर बरी न्हवती.”

मी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. काकूंनी दिलेला चहा हातात तसाच होता.

“काका, मी केली.”

त्यांनी विचारलं, “तू व्हय?” मग हळूच म्हणाले, “समद्यांवर संशय घेतला बग मी. तुज्यावर तेवढा घ्यायचा ऱ्हायला.”

कामावर परत यायला त्यांनी नकार दिला. तरी मला पोचवायला स्टेशनवर आले आणि बाकावर शेजारी बसले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, “त्या चष्मेवाल्याला सांग, काकानं माफी मागितलीया म्हणून.”

गाडीनं माढा सोडलं तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मी त्यांची माफी मागितलीच नाही. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करता करता दिवाळी उलटली, आणि एक दिवस काका गेल्याचा काकूंचाच फोन आला.