एका शब्दाची राखण

सत्कारमूर्तींच्या पोटात गोळा आणणारा आमच्या शेजारच्या भाऊंसारखा वक्ता आगाशीपासून भुईगावापर्यंत दुसरा झाला नसेल. शाळेतल्या ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं वाडीत लक्ष घालतात, गुडघ्यांना तेल लावतात. भाऊंनी केळी आणि सोनचाफा काकूंवर सोपवला आणि स्वतः एका शब्दाची राखण पत्करली. तो शब्द म्हणजे 'वीर'. काकू म्हणत, एवढी राखण केळ्यांची केली असती तर वटवाघळं उपाशी मेली असती.

बाजारात वाढदिवसाचा फलक लागला की भाऊ पिशवी खाली ठेवून तो पहिल्या अक्षरापासून वाचत. त्यावर 'युवानायक' दिसला तर थेट त्या युवकाच्या घरी जात, नायक म्हणजे नेणारा असं समजावत आणि तू आजवर कुणाला कुठे नेलंस, असं अगदी मायेने विचारत. एकाने बराच विचार करून सांगितलं, आजीला दवाखान्यात नेतो. भाऊंनी त्याला नायकपद जागच्या जागी मंजूर केलं. 'हिरो'चं त्यांना विशेष वाईट वाटे. भुईगावच्या एका म्हाताऱ्या फादरांकडून त्यांना कळलं होतं की जुन्या ग्रीक लोकांत हिरो म्हणजे बहुधा मेलेला माणूस, ज्याच्या थडग्यावर नैवेद्य दाखवायचा. माणिकपूरच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याने त्यांना विचारलं, "काय हिरो, कुठे सोडू?" भाऊ म्हणाले, "मला अजून वेळ आहे," आणि स्टेशनपर्यंत चालत गेले.

'वीर' शब्दाच्या बाबतीत मात्र ते कुणाला सूट देत नसत. आमच्या तळ्याकाठी एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणाची तरी आठवण म्हणून उभारलेला दगड. बायका त्यावर धुणं आपटत, ते भाऊंनी भांडून बंद केलं. खाली लढाई, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो, अशी चित्रं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. या दगडावर असं बसल्याशिवाय, म्हणजे मेल्याशिवाय, वीर होता येत नाही, हा त्यांचा निकाल. कबड्डीच्या संघाचा सत्कार होता तेव्हा त्यांनी हे सगळं चाळीस मिनिटं सांगितलं, आणि संघाच्या कप्तानाने शाल घडी करून परत टेबलावर ठेवली.

त्यांचा मुलगा निखिल अग्निशमन दलात लागला तेव्हा लोक कौतुकाने म्हणू लागले, भाऊ, तुमच्या घरातच वीर निघाला की. भाऊ भयंकर चिडत. मला तो पंडिती हट्ट वाटायचा. मी स्वतः शाळेत मराठी शिकवते, तरी एका शब्दासाठी एवढा थयथयाट मला पटत नसे, आणि मी त्यांची नक्कलही करत असे.

गेल्या वर्षी पूर्वेकडच्या एका गोदामाला आग लागली. आत गेलेल्या दोन जवानांचा पत्ता लागत नाही, एवढीच बातमी अकराच्या सुमारास आली. निखिल त्याच कामगिरीवर होता आणि त्याचा फोन बंद होता. काकू देवापुढे बसल्या. भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. चहा नको, पाणी नको. पलीकडच्या आळीतली एक आजी धीर द्यायला आली आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "पोर वीर हाय रे तुजा. थोरं पानी पी." भाऊंनी तिला दुरुस्त केलं नाही. त्या क्षणी मी खरी घाबरले. ती गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, हा शब्द माझ्या घरी यायला नको होता. मला वीराचा बाप व्हायचं नाही." मला माझ्या नकलांची लाज वाटली.

सहा वाजता निखिल कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला. तोंड काळं, भुवया जळलेल्या. ते दोघे जवान दुपारीच सुखरूप बाहेर आले होते, आणि हा संध्याकाळपर्यंत पाणी मारत होता. फोन भिजून बंद पडलेला. तो म्हणाला, "आई, भात आहे ना?" काकू रडता रडता पान वाढायला धावल्या. तो जेवत असेपर्यंत भाऊंनी त्याचं डावं मनगट धरून ठेवलं होतं, आणि तिखट हवं का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. मी घरी येऊन पोटभर रडले, आणि इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गावाने सत्कार ठरवलाच. वक्ते अर्थात भाऊ. चाळीस मिनिटांच्या तयारीने आम्ही खुर्च्यांत सरसावून बसलो. भाऊ उभे राहिले, निखिलकडे न बघता म्हणाले, "फार जुन्या संस्कृतात लोक देवाकडे वीर मागत, तेव्हा पुष्कळदा ते नुसता मुलगा मागत. घरात वावरणारा, जिवंत. त्या अर्थाने हा वीर आहे. दुसऱ्या अर्थाने त्याला तसं म्हणू नका, ही विनंती." आणि ते खाली बसले.

निखिल अजून त्याच नोकरीत आहे. त्याची पाळी संपायच्या वेळेला भाऊ वाडीच्या फाटकाशी उभे असतात. त्याची गाडी वळणावर दिसली की लगबगीने आत जातात आणि तो अंगणात शिरतो तेव्हा पेपर वाचत असतात.