भिमाजीचं चंदेरी अस्तर

…तर कल्याणला दोघांनी दोन बाजूंनी धरून मोटारसायकलवरून खाली उतरवला, इथवर काल सांगून झालं होतं. वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून आणणारा हा दांडगा गडी, पण त्या दिवशी त्याचे दात असे वाजत होते की डेअरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. अंगात नवंकोरं जाकीट, आतून सगळं चांदीसारखं चकचकीत. ते काढलं तर खालचा सदरा पिळून घ्यावा इतका ओला. आणि हे जाकीट बनवणारे शास्त्रज्ञ, आमचे भिमाजीराव, शेजारी उभे राहून म्हणतात कसे, "बगा, कसला घाम काढलाय! म्हंजी ऊब हाय."

मी म्हणालो, "भिम्या, मानूस गारठून चाललाय आन् तू ऊब मोजतोस व्हय?"

भिमाजी म्हणजे आमच्या शेजारचा. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पशुखाद्याच्या गोण्यांवर गाईचं तोंड छापायचा. अकरा वर्षं, तीच गाय. खुद्द गाय असती तर कंटाळून पळाली असती, हा नाही पळाला. मग दोन वर्षांपूर्वी छपाईची एक फ्रेम आणि शाईचे चार डबे घेऊन गावात परतला आणि पारनेर रस्त्याला पत्र्याच्या खोलीत दुकान थाटलं. पहिलंच काम मिळालं लग्नाच्या पिशव्यांचं. गड्यानं फ्रेमवरची, गोणीच्या छापाची जुनी जाळी नीट धुतली नाही. दोनशे पिशव्यांवर नवरीच्या नावाच्या वर ठसठशीत आलं, ‘उच्च प्रथिनयुक्त’. नवरीचा बाप काठी घेऊन आला. वरपक्षाला मात्र पिशव्या पसंत पडल्या.

अशा माणसानं थंडीचे कपडे करायला घेतले, यावरून काय ते समजा. झालं असं, की गावातला हर्षल फौजेत आहे. तो सुट्टीवर आला तो एक जाकीट घालून. वजनाला पिसासारखं, आणि अस्तरावर सगळीकडे चंदेरी टिकल्या छापलेल्या. हर्षलनं पारावर समजावून सांगितलं, की अंगाची ऊब या टिकल्यांवर आपटून परत अंगाकडे येते आणि टिकल्यांच्या मधल्या जागेतून घाम बाहेर जातो. भिमाजीनं ऐकलं ते अर्धंच. टिकल्यांनी एवढी ऊब, तर सगळं अस्तरच चंदेरी केलं तर केवढी! शिवाय गोणीला आतून सलग थर दिला की आत ओल येत नाही, हे त्याला अकरा वर्षं ठाऊक. आतली ओल बाहेरही जात नाही, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही, कारण गोणीला घाम येत नाही.

एवढी घाई कशाला, तर आमच्या डेअरीनं दूध आणणाऱ्या चौदा जणांना जाकिटं द्यायची ठरवली होती. चेअरमन सहादेवरावांचा जीव शहरातल्या तयार मालावर. भिमाजी हात जोडून म्हणाला, मला एक संधी द्या. घरी त्यानं बायकोला, राजनंदिनीला, सांगून ठेवलं होतं, की हे काम मिळालं तर गावात राहू, नाही तर संक्रांत झाली की परत कारखान्यात, परत गाय. राजनंदिनी शिवणकाम करते, साऱ्या गावच्या बायका तिच्याकडे, मुलीचा शाळेत दुसरा नंबर. तिला नगरच्या दहा बाय दहाच्या खोलीत परत जायचं नव्हतं. जाकिटं शिवली तिनंच, आणि शिवण एक नंबर. छापणाराच तेवढा भिमाजी.

कल्याणचं असं झाल्यावर त्याच दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, मी कुंपणापलीकडून ऐकलं, "अवो, गरम भाकरी पिशवीत बांदली की तिला पानी सुटतं, फडक्यात बांदली की न्हाई. येवढं तर चुलीपुढच्या बाईला कळतं."

कारखान्यातली अकरा वर्षं एका भाकरीपुढे वाया! मी हसून हसून उंबऱ्यावर बसलो. भिमाजी हसला नाही. नवी जाळी बांधली, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या टिकल्या, मध्ये जागा सोडलेली, आणि चार दिवसांत दुसरं जाकीट डेअरीच्या बैठकीत टेबलावर ठेवलं.

मी उठलो. म्हणालो, "ह्यो गडी गोन्याच छापू जानं. कपडा त्याचं काम न्हाई. माझा इरोध लिहा."

बोललो आणि फसलो. आमच्या डेअरीचा जुना रिवाज आहे, जो विरोध करील त्यानं ती वस्तू आधी वापरायची, आणि मग त्याचाच शब्द शेवटचा. बायोगॅसला सहादेवरावांनी विरोध केला होता, तेव्हा महिनाभर त्यांच्या घरचा स्वयंपाक त्यावरच करायला लावला होता. पहिल्या आठवड्यातच त्यांनी विरोध गिळला. आता तेच मिशीत हसत म्हणाले, "आप्पा, उद्या पाटंचं पाचला कल्याणच्या मागं बसा."

ते जाकीट घालून बसलो. पौषातली पहाट, पठारावरचा वारा, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मध्ये मी. तीन वस्त्या फिरलो. घाम यावा म्हणून मुद्दाम किटल्या उचलू लागलो. कल्याण ओरडला, "आप्पा, कंबर धरंल!" मी म्हणालो, "धरू दे, खापर भिम्यावर फोडीन."

उजाडता उजाडता डेअरीवर परतलो तर सारा गाव गोळा झालेला. राजनंदिनी पदर तोंडाशी धरून खांबापाशी उभी. भिमाजीचा चेहरा तर गाळून घेतल्यासारखा. सहादेवराव म्हणाले, "चेन उघडा, सदरा बघू."

चेन उघडली. सदरा कोरडा, हे कबूल. पण पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत चंदेरी टिकल्याच टिकल्या! निम्मी छपाई जाकीट सोडून माझ्या अंगावर. पोरं लोळायला लागली. एक बाई म्हणाली, "आप्पा, आता नवरदेवाच्या घोड्याम्होरं नाचायला मोकळं झाला."

राजनंदिनीनं अस्तराला बोट लावून बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, "इस्तरीनं भाजून घेतलं न्हाई?"

भिमाजी खाली बघत म्हणाला, "उनात वाळवलं. गोनीची शाई उनातच वाळती."

"ही शाई गोनीची न्हाई! कापडाची हाय! डब्यावर लिवलंय, उष्णता द्यायची म्हनून!"

मग काय, मला रानच मोकळं मिळालं. मी चौकटीत उभा राहून भिमाजीला असा धारेवर धरला की सांगायची सोय नाही. गोणी काढली, गाय काढली, प्रथिनयुक्त नवरी काढली, अख्खा अकरा वर्षांचा हिशेब काढला. चेअरमन म्हणाले, "आप्पा, शेवटचा शब्द तुमचा. शहराची मागवू का?"

मी म्हणालो, "थांबा, माझं बोलून झालं न्हाई," आणि आणखी अर्धी घटका त्याला सोलला. वारा दारातून सरळ आत येत होता, पुढची माणसं उपरणी कानाला गुंडाळून घेत होती. माझा दम संपला तेव्हा भिमाजी पहिल्यांदा मान वर करून बोलला. शब्दन् शब्द त्याचा सांगतो:

"आप्पा, टिकल्या निघाल्या ती माझी चूक, आजच्या आज परत छापून इस्तरीनं भाजून देतो. पन भाजायला जाकीट तर लागंल का न्हाई? मघापास्नं तीनदा हात पुडं केला म्या, आन् तीनदा तुमी चेन वर वडून घेतली."