धुरा न सोडणारी आत्या

आत्या धुऱ्यावरून येताना दिसली की समोरच्यानं मुकाट्यानं चिखलात उतरायचं, ही मध्य प्रदेशात कटंगीकडच्या आमच्या गावातली रीतच होऊन बसली होती. धानाच्या दोन बांध्यांमधला, म्हणजे खाचरांमधला, धुरा तो केवढा, एका पावलाची वाट. बाकीच्या बाया लुगडं सावरून आपणहून खाली उतरत. आत्या नाही. एकदा गावचे पटेलसुद्धा धोतर वर धरून बांधीत उतरले आणि कुरकुरले, तर ती चालता चालता म्हणाली, "धुरा माह्या बापाचा हाय, पटेल. मी काहून उतरू?"

ती खरी आत्या तिच्या भावाच्या, दौलतभाऊच्या पोरांची, पण सारं गाव तिला आत्याच म्हणे. ऐन तरुणपणी विधवा झाली, पदरात मूल नाही, म्हणून बापाकडे परत आली आणि बापाची शेती तिनंच ओढली. रोवण्याच्या दिवसांत बांधीत पहिला पाय तिचा.

मागून घेणं तिला ठाऊक नव्हतं. घरातलं तेल संपलं तर "वहिनी, तेल देता का" असं ती विचारत नसे. "तेल कुठं ठेवलं?" एवढंच. वहिनीला ते झोंबायचं. मला फार आवडायचं.

बाप गेला. वारसांची नोंद करायला पटवारी आला, तेव्हा दौलतभाऊनं सांगितलं, वारस मी एकटाच, बहीण नाही. चावडीवर बसलेल्या एकाही बाप्यानं तोंड उघडलं नाही. आमच्याकडे लेकीचं नाव अशा वेळी सांगतच नाहीत, आणि त्याला खोटं बोलणं असंही कोणी म्हणत नाही! कायदा होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी पिशवीत पत्रकं घेऊन गावोगाव ओरडत फिरत होते की लेकीचा हिस्सा लेकाइतकाच, आणि माझ्याच गावात जित्या बाईला नाहीसं केलं होतं.

मी तणतणत तिच्याकडे गेले. तांदूळ निवडत तिनं माझं अख्खं भाषण ऐकलं. मग विचारलं, "भावासंगं बोलनं सोडा लागते, असं लिवलं हाय का त्यात?"

"नाही."

"मंग चाल."

आम्ही तहसिलात अर्ज लावला. तहसीलदारांनी दौलतभाऊला बोलावून विचारलं, बहन नहीं है लिखवाया, तो ये कौन हैं? आत्याच बोलली, "लाजून राह्यला तो, साहेब. याले चालाले मीच शिकवलं." अर्ध्या जमिनीवर तिचं नाव चढलं. परतीच्या बसमध्ये ती भावाशेजारीच बसली आणि फडक्यातली भाकर मोडून अर्धी त्याच्या हातात दिली. माझा संताप संताप झाला. वहिनीनं त्याच आठवड्यात तिची चूल वेगळी केली. त्यावर आत्या म्हणाली, "बरं झालं. आता तेल कुठं ठेवलं ते मले मालूम राहीन."

पुढे मी तिच्या मागेच लागले, मृत्युपत्र कर, दौलतभाऊच्या लेकीच्या नावानं कर. कारण बापाकडून मिळालेली जमीन, बाई मूलबाळ नसताना गेली तर, याच कायद्यानं बापाच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे दौलतभाऊकडेच. हा कुठला न्याय, मग आपण भांडलो कशाला, असं मी तिला चिडून विचारलं. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "जाऊ दे ना त्यालेच. पन माह्या हातून जाऊ दे."

एका पावसाळ्यात तापानं ती गेली. मृत्युपत्र केलंच नव्हतं.

दौलतभाऊ नाव चढवायला तहसिलात गेला. मुद्दाम मीही गेले. काय बोलतो ते मला ऐकायचंच होतं. बाबूनं मान वर न करता विचारलं, मरनेवाली से आपका रिश्ता?

दौलतभाऊनं डोक्यावरची टोपी काढली.

"बहन थी," तो म्हणाला.

"सगी?"

"हौ, साहेब. सख्खी."