आतली थरथर

तळेघरच्या शाळेवर बदली झाली त्या वर्षी मी रोज पहाटे दचकून जागी व्हायची. लेक बोरी बुद्रुकला सासूबाईंकडे, मी इथे एकटी. संध्याकाळी खोलीवर आले तरी अंग ताठलेलंच. जुन्नरच्या डॉक्टरांनी सकाळचं आणि संध्याकाळचं असं दोनदा रक्त तपासलं. म्हणाले, "कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सकाळी चढतं, म्हणून आपल्याला उठायचं बळ येतं. दिवस कलला की ते उतरायला हवं. तुमचं नीट उतरत नाही."

शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. डोंगरापल्याडच्या वाडीवरून तासभर चालत यायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, भाताची लावणीही त्याच करायच्या.

एक दिवस शेगडीच्या नळीने पेट घेतला. मी दारातच थिजले. मावशींनी ओरडून पोरं मैदानात काढली, रेग्युलेटर बंद केला आणि ओलं पोतं टाकून आग विझवली. मग पायरीवर येऊन बसल्या आणि लटलटा कापू लागल्या. मी धावत जाऊन त्यांचे हात घट्ट धरले.

"सोडा बाई," त्या म्हणाल्या. "थरथरू द्या. दाबलं की आतच ऱ्हातं."

त्या कापल्या, रडल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या. तासाभराने तीन दगडांच्या चुलीवर खिचडी रटरटत होती आणि मावशी एका पोरीची रिबीन बांधताना हसत होत्या.

मी मात्र ती आग आठवडाभर अंगावर वागवली. शेवटी विचारलं, "मावशी, आता शेगडी पेटवताना भीती नाही वाटत?"

"वाटती की. लई वाटती. पर तेवढ्यापुरती. घरी कुठं नेऊ तिला? तितं आदीच गर्दी हाय."

त्यानंतर शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत जाऊ लागले. हळूहळू झोप लागायला लागली. काही महिन्यांनी संध्याकाळचा आकडाही उतरलेला निघाला. डॉक्टरांनी श्रेय चालण्याला दिलं, ते खरंही असेल.

मला आठवतो तो ओढ्यावरचा पहिला दिवस. लेकीविषयी बोलता बोलता मला हुंदका फुटला. मावशींनी समजूत काढली नाही, की डोळे पुसा म्हटलं नाही. शेजारच्या दगडावर बसून पायातला काटा काढत राहिल्या. माझं रडणं संपल्यावर म्हणाल्या, "झालं? बरं झालं." आणि डोक्यावर पदर घेऊन वाडीची चढण चढू लागल्या.