विमानाचं पोट बघायला

आमच्या घरात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे अकोला. मे महिना लागला की रेल्वेची तिकिटं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वरच्या बर्थसाठी दोघा भावंडांची भांडणं, हे सगळं ठरलेलं. यंदा मात्र बायकोच्या मंत्रालयात कसलीशी घाई निघाली आणि तिची रजा बारगळली. आम्ही दिल्लीत आलो तेच तिच्या नोकरीमुळे. माझी नोकरी काय, लॅपटॉप उघडला की सुरू होते. "तू घेऊन जा ना दोघांना," ती म्हणाली. मी एकटा त्या दोघांना घेऊन रात्रभर गाडीत बसलो असतो तर मधल्या कुठल्यातरी स्टेशनावर एक जण कायमचा उतरून गेला असता, आणि तो बहुधा मीच असतो. म्हणून आम्ही राहिलो दिल्लीतल्या आमच्या द्वारकेतच, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, कूलरसमोर.

आठवडाभर कूलरची हवा खाऊन मुलं पार कावली. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दहाची. शेवटी एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "रविवारी सायकलवर जाऊ या. विमानाचं पोट बघायला."

आमच्या सेक्टरच्या पुढे विमानतळाच्या बाजूला एक मोकळा रस्ता आहे. तिथून उतरणारी विमानं इतकी खालून जातात की चाकंसुद्धा दिसतात. मुलगा ताटावरून उठून नाचायलाच लागला. मुलगी तेवढं म्हणाली, "मी आईच्या मागे बसणार."

ही मुलगी एकेकाळी सोसायटीची वाघीण होती. हात सोडून सायकल चालवायची आणि मोठ्या मुलांशी शर्यती लावायची. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती पार्किंगच्या उतारावर पडली. हनुवटीला टाके पडले. ती जखम भरली, पण त्या दिवसापासून तिने सायकलला हात लावला नाही. हळूहळू खाली खेळायला जाणंही सुटलं. संध्याकाळी खालून मुलांचा गलका आला की ही खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसायची आणि पान काही उलटायची नाही. समजावून झालं, आमिषं दाखवून झाली, एकदा रागावूनही झालं. ती शांतपणे म्हणायची, "बाबा, मला नाही आवडत आता." एवढी धीट पोर अशी मिटून जाते आणि आपण नुसते बघत राहतो, यासारखं वाईट काही नसतं.

तिची लाल सायकल बाल्कनीत उभी होती. तिच्यावर टॉवेल वाळायचे. बायको रविवारी आपल्या सायकलमध्ये हवा भरायची तेव्हा पंप घेऊन बाल्कनीत जायची आणि त्या लाल सायकलचीही चाकं दाबून बघायची. मी चिडवायचो, "टॉवेलना कुठे लांब जायचंय का?" ती म्हणायची, "हवा नसली की टायर चिरतात." मी विकायचं नाव काढलं की मात्र ती ऐकू न आल्यासारखं करायची.

तर तो रविवार. उजाडायच्या आत आम्ही खाली उतरलो. बायकोने प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा कोंबला होता. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, हा आमच्या वऱ्हाडातला इलाज. गेटवरच्या गार्डने माझ्या फुगलेल्या खिशाकडे बघून विचारलं, "सब्ज़ी लेने जा रहे हो, साहब?" वर शिदोरीची ही भलीमोठी पिशवी, कारण दोन्ही मुलांची अटच होती की सुट्टीची गाडी चुकली तरी गाडीतलं खाणं चुकता कामा नये. दशम्या, चटणी, लोणचं, उकडलेली अंडी, सगळं आलं. जाणार होतो विमानतळापर्यंत आणि बांधाबांध होती पार भुसावळ ओलांडायची.

माझ्याकडे शेजाऱ्याची मागून आणलेली गिअरची सायकल होती. ती कुणासाठी बनवलेली असते देवच जाणे. तिला मागे कॅरिअर नाही, आणि सीट अशी अरुंद की त्यावर बसण्याला बसणं म्हणवत नाही. मुलाची सायकल बुटकी, हिरवी. आणि बायकोची ती जुनी लेडीज सायकल, जिच्यावरून ती रोज मेट्रो स्टेशनपर्यंत जाते. मागे मुलगी, हँडलला पिशवी, आणि बायको ओढणीला गाठ मारून ताठ बसलेली. मी तिला रोज जाताना बाल्कनीतून बघतो, पण त्या दिवशी मागून बघत होतो. एवढं ओझं घेऊनही तिचा वेग कमी-जास्त होत नव्हता. माझा तर पहिल्याच चौकात श्वास फुलला होता. आपल्या बायकोचं कौतुक तोंडावर करायची पद्धत आमच्याकडे नाही, म्हणून इथे करून घेतो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बहावा फुलला होता. मुलगा तीन पायडल मारायचा तेव्हा आमचं एक व्हायचं, पण पठ्ठ्या मागे राहायला तयार नव्हता. "ताई, देख, मैं आगे!" असं ओरडत तो पुढे जायचा. कॅरिअरवरची ताई मान फिरवून बहाव्याकडे बघायची.

विमानाचं पोट आम्ही बघितलं. एक नाही, कितीतरी बघितली. रस्त्याकडेला चादर अंथरून मुलगा उताणा पडला आणि प्रत्येक विमानाला दोन्ही हातांनी टाटा करू लागला. मुलगीही हसली, बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. मग शिदोरी सुटली, आणि तिथेच आमचं चुकलं. दिल्लीतली शहाणी माणसं अशा दिवसांत सूर्य वर यायच्या आत घरी परततात. आम्ही मात्र गाडीत बसल्यासारखे बसलो. आधी अंडी, मग दशमी, मग पुन्हा दशमी, मग कोणतं स्टेशन आलं असेल याचा खेळ. बायकोने दोनदा आकाशाकडे बघून "चला आता" म्हटलं. मी म्हणालो, "अकोल्याच्या माणसाला दिल्लीचं ऊन काय करणार?"

काय करणार ते परतीच्या वाटेवर कळलं. डांबर तापलं, वारा सुटला तोही भट्टीतला. निम्म्या वाटेवर मुलगा सायकलवरून उतरला आणि एका कडुनिंबाखाली मांडी घालून बसला.

"मी बिल्कुल थकलो," तो म्हणाला. "आता मी इथेच राहणार."

माझ्या त्या सायकलचा दांडा तिरका, त्यावर मूल टिकणं शक्य नव्हतं. बायकोच्या कॅरिअरवर जागा एकाचीच. मी बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि म्हणालो, "ई-रिक्षा बघतो. सायकली टाकू वर."

"मी उतरते," मुलगी म्हणाली. ती उतरलीही. "त्याला बसव, आई. मी त्याची सायकल ढकलत आणते."

मी म्हणणार होतो की एवढ्या उन्हात कशाला, रिक्षा मिळेलच. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढं पुरतं. मुलाला कॅरिअरवर बसवलं आणि आम्ही सावलीसावलीने हळूहळू निघालो. मुलगी आमच्या मागे ती हिरवी सायकल ढकलत होती.

थोड्या वेळाने मागचा पावलांचा आवाज बदलला. मी वळून बघितलं. ती सीटवर बसली होती. सायकल इतकी बुटकी की दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. पायांनी रेटा देत ती पुढे येत होती, गुडघे पार कोपरांपर्यंत आलेले. ओठ घट्ट मिटले होते.

"बघू नको," बायको हळूच म्हणाली. "पुढे बघ."

मी पुढे बघितलं. आयुष्यात इतक्या कष्टाने मी कधी पुढे बघितलं नव्हतं. कॅरिअरवरच्या मुलाला मात्र सगळं दिसत होतं. ज्याच्या पोटात मिनिटभर गोष्ट राहत नाही तो पोरगा दोन्ही हातांनी आईला धरून, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. मी तोंडावर बोट ठेवलं. त्याने मान हलवली आणि खरोखरच गप्प राहिला. त्या दिवशी त्याचंही मला फार कौतुक वाटलं.

मग बाजूने सर्रकन काहीतरी गेलं. ती होती. पाय पायडलवर, पाठीला बाक, वेणी उडत होती. तिच्या खिशातला कांदा उसळून रस्त्यावर पडला आणि घरंगळत माझ्या चाकाशी आला. ती थांबली नाही. त्याच वेळी डोक्यावरून एक विमान गेलं, सकाळपासून बघितलेल्या सगळ्यांपेक्षा मोठं. मुलाने वर बघितलं, आम्हीही बघितलं. तिने नाही बघितलं. तिची नजर रस्त्यावरून ढळली नाही. मी उतरून कांदा उचलला आणि त्या निमित्ताने डोळे पुसून घेतले. उन्हाचं निमित्त होतंच.

सोसायटीच्या गेटपाशी ती आमची वाट बघत उभी होती, लालबुंद झालेली. सायकली लावल्या, वर आलो, कूलर लावला, सरबत झालं. बायको स्वयंपाकघरात पिशवीतले डबे काढत होती. मुलगी बाल्कनीच्या दारात गेली. लाल सायकलवरचे टॉवेल तिने एकेक करून काढले आणि कठड्यावर टाकले.

"बाबा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिच्यात हवा नसेल ना आता?"

मी तोंड उघडायच्या आत आतून बायकोचा आवाज आला.

"आहे."