दारावरची मावशी

जव्हारच्या दवाखान्यात मी पुन्हा कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी मावशी झाले. लग्नाआधी याच दवाखान्यात होते, तेव्हा सगळे मला ताई म्हणायचे. मधली सहा वर्षं घरी काढली, दोन पोरं झाली, आणि परत आले तर थेट मावशी. वय तिशीचं. राग आला, पण गिळला. कंत्राटी माणसाने राग गिळायचाच असतो.

घरातून कुणाची हरकत नव्हती. "कर की नोकरी, हौस असेल तर," नवरा म्हणाला. फक्त घरातलं काही अडता कामा नये, एवढीच अट. म्हणजे भाकऱ्या, पाणी, धुणी, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल, सगळं आटपून उरलेल्या वेळात मी स्वतंत्र.

काम होतं कुपोषित पोरांच्या वॉर्डात. पोर वजनाला भरेपर्यंत, निदान दोन आठवडे, आईने त्याच्याजवळ राहायचं. झाडलोट, खिमट भरवणं हे माझ्याकडे होतंच, पण खरं काम दारावर बसायचं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायका पोराला पाठीशी बांधून गुपचूप निघून जायच्या. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच दोघी गेल्या, तेव्हा सिस्टरनी मला बजावलं, "आणखी एक गेली तर उद्यापासून तुम्ही येऊ नका." मी स्वतः घरातून सुटून आले होते ती इथे दुसऱ्यांच्या आयांना अडवायला. नशीब म्हणतात ते हेच.

पोशेरा गावाकडची एक बाई होती. तिची पोरगी सव्वा वर्षाची, पण उचलली तर हाताला भार लागत नव्हता. नुकती कुठे वाटीभर खायला लागली होती. मोठा मुलगा घरी बापाजवळ. रोज सकाळी ती दारात यायची.

"जाव दे ना, बाय. रोप जून होतंय. आता नाय लावलं तर वरीसभर खायाचं काय?"

"पोरीचं वजन भरू दे, मग जा."

"वजन भरल, पन भात?"

ती खोटं बोलत नव्हती. जून रोपाला फुटवे येत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण मला नोकरी सोडायची नव्हती, आणि तिची पोरगी गेलेली बघायची नव्हती. रोज हेच बोलणं, रोज मीच दारात.

एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. माझ्या धाकट्या पोरीचं अंग भाजत होतं. नवरा जीप घेऊन मोखाड्याला गेलेला. आदल्या वर्षी ताप डोक्यात जाऊन धाकटीला झटका आला होता. सिस्टर मीटिंगला गेल्या होत्या. ताप किती चढलाय, हे मी फोनवर ओरडूनच विचारलं. दार सोडलं तर नोकरी जाणार, नाही सोडलं तर काय होईल ते मनात आणवेना.

पोशेऱ्यावालीने सगळं ऐकलं होतं. पोरीला घेऊन ती आली आणि माझ्या स्टुलावर बसली.

"जा तू. दारावर मी बसतंय."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि धावत सुटले. घरी पोचले तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "काढलं की काय तुला?" मी औषध पाजलं, ओल्या फडक्याने अंग पुसत राहिले. ताप उतरला, घाम आला, पोरगी झोपली. तिच्या मुठीतून पदर सोडवून घेताना मला रडू आलं, चालता चालताही येत राहिलं. दार उघडं पडलं असेल, अशी मनाची तयारी करूनच मी परतले.

ती स्टुलावरच होती. आतल्या सगळ्या जागच्या जागी.

"ती कडेची निंगाली होती," ती म्हणाली. "बसवली मी तिला. तुजी पोर कशी?"

"उतरला ताप."

"बरं झालं." ती उठली. पोरीला पाठीवर घेतलं आणि लुगड्याची गाठ मारली. "आता मी जातंय. आवणी झाली का आणीन हिला."

असं सांगून गेलेल्या काही जणी येतात. काही येतात, त्या फार उशिरा. तिच्या खांद्यावरून पोरगी माझ्याकडे बघत होती. मान अजून धड सावरत नव्हती. मी दारात आडवी उभी राहिले.

ती आधी हसली, मला समजलं नसेल असं वाटून. मग हसू गेलं.

"तुजी पोर तुजी," ती म्हणाली, "आन माजी पोर तुज्या नोकरीची काय?"

तिचं अर्धं खरं होतं. अर्धं नव्हतं, पण ते सांगायला मला तोंड राहिलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी चौकट धरली आणि जागची हलले नाही.